दोष साउंडवाल्याचा

जुन्या बँडचा कार्यक्रम पडला की पहिला बळी जातो तो साउंडवाल्याचा. गायकाचा आवाज वर जाताना फाटला? साउंड खराब होता. गिटार ड्रमच्या गदारोळात बुडाली? साउंडवाला नवशिका असणार. गायक अख्खा अंतरा विसरला? मॉनिटरमधून त्याला काही ऐकूच येत नसेल, बिचारा काय करणार! तिकडे मिक्सरसमोर बसलेला तो गृहस्थ इमानेइतबारे बटणं सरकवत असतो आणि समोरची हजारो माणसं मनातल्या मनात त्याला सुळावर चढवून शांत चित्ताने घरी जातात. साउंडनंतर पाळी हवेची. दमट हवेत घसा बसतोच. मग जेटलॅग. मग आयोजक. आणि कुणीच हाती लागलं नाही तर शेजारी उभी असलेली आजकालची पोरं, ज्यांना एकच गाणं ठाऊक असतं आणि तेही रील्समुळे. आरोपींच्या या यादीत एकच नाव कधी येत नाही. तिकिटावर छापलेलं असतं ते.

याला निष्ठा म्हणतात. आणि माझा संशय असा आहे की म्हाताऱ्या बँडांचं वाटोळं वयाने कमी केलं, या निष्ठेने जास्त केलं. वयाचं म्हणाल तर रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर २०२४ च्या अमेरिका दौऱ्यात ऐंशी वर्षांचा होता आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. त्या दौऱ्याचा प्रायोजक कोण, तर एएआरपी, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांसाठी काम करणारी, मुळात निवृत्तांची म्हणून उभी राहिलेली संघटना. हसायचं तेवढं हसा, पण धावणारा माणूस धावत होता. म्हणजे वय झालं की कार्यक्रम पडलाच पाहिजे असा काही नियम नाही. कार्यक्रम पडला तरी चालतो, हे एकदा कळलं की मात्र पडतो.

ते कळलं कधी? एक तारीख मी सांगतो. १३ जुलै १९८५, फिलाडेल्फियाचं जेएफके स्टेडियम, लाइव्ह एड हा मदतनिधीचा कार्यक्रम. लेड झेपेलिन या बँडचा ड्रमर जॉन बोनम १९८० मध्ये गेला आणि बँड मोडला. त्यानंतर रॉबर्ट प्लान्ट, जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स पहिल्यांदाच एका स्टेजवर येणार होते. ड्रमवर एक नाही, दोघे: टोनी थॉम्प्सन आणि फिल कॉलिन्स. हे कॉलिन्ससाहेब त्याच दिवशी लंडनच्या वेम्बलीत गाऊन, कॉन्कॉर्ड विमान पकडून, अटलांटिक ओलांडून आले होते. सराव नावापुरता. प्लान्टचा घसा बसलेला. पेजची गिटार सुरात लागलेली नाही. एक ड्रमर पुढे धावतोय, दुसरा अंदाज घेत मागून येतोय, आणि जोन्स मधल्या मध्ये दोघांची समजूत घालावी तसा बेस वाजवतोय. गाणी तीन. तेवढीही संपता संपत नाहीत.

रेकॉर्डिंग आजही मिळतं. ऐकाच, पण गाणी ऐकू नका, गर्दी ऐका. नव्वदएक हजार माणसं बेभान झालेली आहेत. पेजची तार उतरलेली असताना ती ओरडतात, प्लान्टचा आवाज चिरकतो तेव्हा तर जास्तच ओरडतात. आणि बँडचं काय? बँडला या वीस मिनिटांची इतकी लाज वाटली की २००४ मध्ये लाइव्ह एडची डीव्हीडी निघाली तेव्हा झेपेलिनने आपला भाग त्यात घालू दिला नाही. म्हणजे वाजवणाऱ्यांना कळलं होतं. ऐकणाऱ्यांना पत्ता नव्हता, किंवा असूनही त्यांनी तो लागू दिला नाही.

झेपेलिनला निदान लाज वाटली. बाकीच्यांनी त्या दिवसाचा धडा वेगळा घेतला असावा: लोक ओरडणारच आहेत, मग सराव कशाला?

आता पट्टीचं. आवाज वयाबरोबर खाली येतो, यात कुणाचा गुन्हा नाही. आपल्याकडचा पेटीवालाही गायकाचं वय बघून काळी चारचं गाणं गुपचूप पांढरी पाचवर घेतो, फारच झालं तर काळी तीनवर. रॉकवाले तेच करतात. गिटारच्या तारा अर्ध्या सुराने सैल करायच्या, तेवढ्याने भागलं नाही तर पूर्ण सुराने. त्याला माझी काडीची हरकत नाही. प्रामाणिकपणे पट्टी उतरवणारा गायक मला वरच्या पट्टीत लटकून बसणाऱ्यापेक्षा कधीही जवळचा. माझी हरकत एवढीच की पट्टी उतरते तसतसं तिकीट चढतं. वरची ओळ गायची वेळ आली की गायक माइक गर्दीकडे करतो आणि गर्दी ती ओळ गाते. स्वतःच पैसे भरून स्वतःच गायचं, आणि वर टाळ्याही आपणच वाजवायच्या. याला 'क्राउड कनेक्ट' असं गोंडस नाव आहे.

तिकीट का चढतं, हे डेव्हिड बोवीने २००२ मध्येच न्यूयॉर्क टाइम्सला सांगून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की संगीत आता नळाच्या पाण्यासारखं, विजेसारखं घरोघरी वाहणार, तेव्हा संगीतकारांनो, भरपूर दौरे करायची तयारी ठेवा, कारण विकण्यासारखं तेवढंच उरेल. झालं तसंच. रेकॉर्ड विकून बंगला बांधायचे दिवस गेले, आता बंगल्याची डागडुजी दौऱ्यातून निघते. खुद्द बोवीने मात्र २००४ मध्ये हृदयाच्या दुखण्याने दौरा अर्ध्यावर सोडला आणि पुन्हा कधी दौरा केला नाही. भाकीत त्याने केलं आणि पाळलं बाकी सगळ्यांनी.

दौरे विकायचे तर कारण हवं. सगळ्यात खपाऊ कारण म्हणजे निरोप. 'द हू' या ब्रिटिश बँडने पहिला निरोपाचा दौरा केला १९८२ मध्ये. १९८९ मध्ये मंडळी पंचविशी साजरी करायला परत आली. पुढे येत-जात राहिली. २०२५ मध्ये त्यांनी उत्तर अमेरिकेचा निरोप घेतला, पुन्हा एकदा. तेव्हा गायक रॉजर डाल्ट्री एक्क्याऐंशीचा होता. पहिल्या निरोपाला टाटा करायला आलेली पोरं या निरोपाला नातवंडं घेऊन आली असतील. म्हातारपणाची यथेच्छ टर उडवणारं 'माय जनरेशन' हे गाणं याच बँडचं, १९६५ सालचं. ते अजून मागितलं जातं.

'ईगल्स' त्यातल्या त्यात सरळ. त्यांनी या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या निरोपाच्या दौऱ्याचं नावच 'फेअरवेल वन' ठेवलं. निरोप क्रमांक एक. पुढचे क्रमांक येणार हे तिकिटावर छापून सांगितलं, आता तक्रार कुठल्या तोंडाने करणार? २०२३ पासून त्यांचा 'लाँग गुडबाय' सुरू आहे. नावात 'लाँग' आहे, इथेही फसवणूक नाही. जर्मनीच्या 'स्कॉर्पियन्स'ने २०१० मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि २०२५ मध्ये बँडची साठी साजरी केली. आपल्याकडे साठी झाली की निवृत्ती, त्यांनी क्रम फक्त उलटा केला.

पण या खेळातले खरे कलावंत 'मॉट्ली क्रू'. २०१४ मध्ये त्यांनी पत्रकारांना बोलावून रीतसर करारावर सह्या केल्या: २०१५ च्या शेवटानंतर या नावाने दौरा करणार नाही. कायदेशीर कागद! फॅन हळहळले, महाग तिकिटं काढून लॉस एंजेलिसला ३१ डिसेंबरच्या शेवटच्या खेळाला गेले, रडले. चार वर्षांनी, २०१९ मध्ये बँडने एक व्हिडिओ काढला. त्यात तोच करार स्फोटात उडवलेला दाखवला होता. आता सांगा, ज्यांनी त्या सह्यांवर विश्वास ठेवून रडून घेतलं त्यांनी काय केलं असेल? अश्रूंचे पैसे परत मागितले? छे. पुढच्या दौऱ्याला ते स्टेडियम भरून हजर.

उशिराचा मान मात्र 'गन्स अँड रोझेस'च्या ॲक्सल रोझचा. १९९१ मध्ये सेंट लुईसजवळ एका प्रेक्षकाच्या कॅमेऱ्यावरून भडकून त्याने गर्दीत उडी मारली, मग कार्यक्रम सोडून निघून गेला, आणि मागे दंगल झाली. १९९२ मध्ये माँट्रियलला 'मेटॅलिका'चा जेम्स हेटफिल्ड स्टेजवरच्या आतषबाजीत भाजला, त्यांना कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला. लोकांना आता आधार त्यांच्यानंतर गाणाऱ्या ॲक्सलचा. तो उशिरा आला, लवकर गेला. पुन्हा दंगल. २००२ मध्ये व्हँकुव्हरला तो पोचलाच नाही. दंगल तिथेही. 'चायनीज डेमॉक्रसी' हा अल्बम येणार येणार म्हणत इतकी वर्षं लोटली की २००८ मध्ये तो खरोखर आला तेव्हा कुणाला घाई उरली नव्हती. जुना गिटारवाला स्लॅश परत येणार का, यावर ॲक्सल म्हणायचा, या जन्मात तरी नाही. २०१६ मध्ये स्लॅश परत आला आणि दौऱ्याला नाव दिलं 'नॉट इन धिस लाइफटाइम'. जुना हट्टसुद्धा यांनी टी-शर्टावर छापून विकला.

मुंबईचा यात खारीचा वाटा आहे. २०१२ च्या डिसेंबरात ॲक्सल मुंबईत आला तेव्हा स्लॅश बरोबर नव्हता. लोकांनी तिकिटं काढली. १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर स्लॅशसकट आला. लोकांनी पुन्हा काढली. दोन हप्त्यांत मिळालेला बँड असं याला म्हणता येईल, आणि पहिला हप्ता कुणीही परत मागितला नाही.

का मागत नाहीत, याचं उत्तर मानसशास्त्राकडे १९५९ पासून पडून आहे. इलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स या दोघांनी कॉलेजच्या मुलींना एका चर्चागटात प्रवेश दिला. काहींना सहज, काहींना आधी चारचौघांत वाचायला लाज वाटेल असा मजकूर मोठ्याने वाचायला लावून. मग सगळ्यांना गटाची चर्चा ऐकवली. ती मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती, प्राण्यांच्या लैंगिक वर्तनावरची रटाळ बडबड. सहज आत आलेल्या मुली म्हणाल्या, कंटाळवाणं आहे. लाज सोसून आलेल्या म्हणाल्या, बरं आहे की! सोसलेलं फुकट गेलं असं कबूल करण्यापेक्षा रटाळाला रंजक म्हणणं मनाला स्वस्त पडतं.

हा प्रयोग मुंबईत दर हिवाळ्यात होतो, फक्त त्याला मैदान लागतं आणि तिकीट असतं. अशाच एका मैदानात मी एका मित्राबरोबर गेलो होतो. बँडचं नाव सांगत नाही, त्यांच्याही पोटावर पाय नको. मित्राने कॉलेजातला काळा टी-शर्ट काढला होता. तो आता पोटावर इतका ताणला होता की बँडच्या नावातलं मधलं अक्षर वाचता येत नव्हतं. पाठीवर ज्या शहरांच्या तारखा छापल्या होत्या त्यांतल्या एकाही शहरात तो गेलेला नाही. गेटावर सुरक्षारक्षकाने त्याच्याकडची गुडघ्याची पट्टी तपासली, वासही घेतला. पाण्याच्या बाटलीसाठी मनगटावरच्या पट्ट्यात आधी पैसे भरायचे, त्याची रांग वेगळी. आम्ही 'गोल्ड'मध्ये, म्हणजे स्टेज दिसावं म्हणून पडदा बघायचा. पुढे 'प्लॅटिनम'मध्ये सोफे. तिथे बसलेले लोक स्टेजकडे पाठ करून सेल्फी काढत होते, आणि त्या रात्री तेच शहाणे ठरले.

तिसऱ्या गाण्याला माझ्या लक्षात आलं की गायक वरच्या ओळी टाळतोय. पाचव्याला तो टेलीप्रॉम्प्टरकडे बघतोय हे पडद्यावर स्वच्छ दिसलं, आणि तरीही ओळ चुकली. मी म्हटलं, "अरे, आवाज गेलाय रे याचा."

मित्र नजर न हटवता म्हणाला, "आवाज ऐकायला आलोय का आपण?"

मग कशाला आलोय, हे मी विचारलं नाही. तिकिटं त्याने काढली होती.

तो थोड्या वेळाने रडला. खरंच रडला, खांद्यावर नाक पुसून. मला हसू आलं नाही, कारण त्या गाण्याच्या पहिल्या चार सुरांना माझ्याही घशात काहीतरी अडकलं होतं. सूर बेसूर होते. अडकणं खरं होतं. इथेच तर धंद्याची मेख आहे: ते सूर बरोबर लागले असते तरी आम्ही तेवढेच रडलो असतो. मग बरोबर लावायचे कष्ट कोण घेणार? बाहेर पडताना पार्किंगपर्यंतच्या लांबलचक वाटेवर तो म्हणाला, "साउंड जरा गंडला होता, नाही?"

गोऱ्यांच्या या भक्तीला आपण हसावं तर आपल्याकडे बालगंधर्व आहेत. पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीभूमिकेत उभे राहिले आणि मराठी प्रेक्षकांनी शालूतल्या त्या पोक्त देहात सिंधू आणि भामिनी पाहिल्या. पण तिथे हिशेब थोडा निराळा होता. देह थकला तरी गळ्यात गाणं उरलं होतं, आणि आपला प्रेक्षक ते गाणं ऐकायला जायचा. ऐकायलाच जायचा, म्हणून कमी पडलं तर त्याला कळायचं.

कळणारा एक तरी माणूस सभागृहात लागतो. १७ मे १९६६, मँचेस्टरचं फ्री ट्रेड हॉल. साध्या गिटारवर लोकगीतं गाणारा बॉब डिलन आता इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा, आणि अंधारातून एकजण ओरडला, "जूडास!" फितूर म्हणाला त्याला, आपल्या लाडक्या गायकाला, पैसे भरून आलेल्या सभेत. तो चुकला होता असं आज सगळे म्हणतात, डिलन पुढे होता आणि ओरडणारा मागे. असेल. पण त्याचे कान उघडे होते. त्याला समोर काय चाललंय हे ऐकू येत होतं आणि ते त्याला पटत नव्हतं. डिलन चिडला आणि मागच्या मंडळींना म्हणाला, आणखी जोरात वाजवा. पुढचं गाणं त्या रात्रीचं सगळ्यात जबरदस्त निघालं. ते रेकॉर्डिंग १९९८ मध्ये अधिकृतपणे बाजारात आलं, शिवीसकट. आजच्या निष्ठावंतांनी एवढी वर्षं 'वी लव्ह यू' ओरडून बँडांकडून तसं एखादं गाणं काढून घेतलंय का?

निष्ठावंतांना हवं ते 'किस' या बँडने देऊन टाकलं. रंगवलेले चेहरे, आग, रक्त ओकणं, सगळा तमाशा. यांचा एक निरोपाचा दौरा २००० मध्ये झाला होता, दुसरा २०१९ पासून चालला आणि २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये संपला. शेवटचं गाणं झालं, माणसं आत गेली आणि पडद्यावर त्यांचे डिजिटल अवतार अवतरले. यापुढे किस म्हणजे हे. अवतारांना पट्टी उतरवावी लागत नाही, विमान चुकत नाही, आपसात भांडणं नाहीत, वकील नाहीत. आणि दोष द्यायला साउंडवाला कायम हाताशी.

आता पुन्हा प्लान्ट. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात झेपेलिन एकदाच परत आला, अटलांटिक रेकॉर्ड्सच्या अहमत एर्तेगनच्या स्मरणार्थ. तिकिटासाठी नावनोंदणी आणि सोडत. मागणी दोन कोटींच्या घरात गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं आणि भाव १२५ पौंड. ड्रमवर बोनमचा मुलगा जेसन. या वेळी मंडळींनी अनेक आठवडे तालमी केल्या. काही गाण्यांची पट्टी उघडपणे खाली घेतली. कार्यक्रम उत्तम झाला, टीकाकारांनीही मान्य केलं. साहजिकच जग म्हणालं, आता दौरा. पैसा मागाल तेवढा.

प्लान्ट नाही म्हणाला. तो ॲलिसन क्राउस या ब्लूग्रास गायिकेबरोबर गायला निघून गेला. दोघांच्या 'रेझिंग सँड' या अल्बमला २००९ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. झेपेलिनची काही गाणी तो अधूनमधून गातो, पण चाल वळवून, आजच्या गळ्याला झेपतील अशी. फॅनांची त्यावरही तक्रार आहे, मूळ रेकॉर्डसारखं वाटत नाही म्हणून. पेज आणि जोन्सने २००८ मध्ये दुसरे गायक चाचपून पाहिले, 'एरोस्मिथ'चा स्टीव्हन टायलरही येऊन गाऊन गेला. जमलं नाही तेव्हा त्यांनी नाद सोडला. फॅनांनी अजून सोडलेला नाही. ॲक्सलला माफी आहे, मॉट्ली क्रूला आहे, दर काही वर्षांनी निरोप घेणाऱ्या सगळ्यांना आहे. बोटं मोडली जातात ती एकट्या प्लान्टच्या नावाने.